आडवा जाणारा ठिपका

"ह्यो बॉल तुमचो?"

बाई फाटकाच्या बाहेर उभी होती. पायात चपला नव्हत्या. चार किलोमीटरचा चढ चढून आली होती, तरी धापा टाकत नव्हती. तिचं बोट माझ्या डोक्यावरून मागे, टॉवरवरच्या पांढऱ्या घुमटाकडे होतं.

"आमचा म्हणजे सरकारचा," मी म्हणाले. "कोण पाहिजे तुम्हाला?"

"ता दोनशे किलोमीटर बघता म्हणतत. खरा?"

"अडीचशे. पण ढग बघतं ते. पाऊस."

"माझो घोव समुद्रात आसा," ती म्हणाली. "ढगांच्या खाली. तेका बघा."

त्या बुधवारला आता तेरा वर्षं झाली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, वर्ध्याहून आलेली, आणि समुद्र पहिल्यांदा पाहून मला जेमतेम पाच महिने झाले होते. कोकणातल्या एका उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आमचं डॉप्लर राडार होतं. खाली आंबेखोल गाव, त्यापुढे माणगीचं बंदर. सड्यावर झाड नाही, घर नाही. काळ्या कातळावर वाळलेलं गवत, एक टॉवर, आणि आत फिरणाऱ्या अँटेनाची घरघर. ती घरघर झोपेतही कानात असायची. दिवसाच्या पाळीला आम्ही दोघंच असायचो, मी आणि पेडणेकर साहेब. साहेब निवृत्तीला आले होते. दोन वर्षं उरली होती.

बाईचं नाव शेवंती खवळे. तिच्या नवऱ्याची, भिकाजी तांडेलाची बोट 'रवळनाथ प्रसाद' शनिवारी पहाटे माणगीतून निघाली होती. रविवारी दुपारी वायरलेसवर शेवटचं बोलणं झालं. इंजिन तापतंय, म्हणाले. त्यानंतर काही नाही. सहा माणसं, भिकाजी त्यांचा तांडेल, म्हणजे म्होरक्या. शोधनौका दोन दिवस फिरली होती. वारा उत्तरेकडून होता, म्हणून त्यांनी दक्षिणेकडचं पाणी पिंजून काढलं. काही सापडलं नाही.

मी तिला आत बसवलं, पाणी दिलं. तिने पडद्यावरच्या रंगांकडे पाहिलं. नोव्हेंबरचा कोरडा दिवस होता. पडदा जवळजवळ रिकामा होता.

"कायच नाय दिसत," ती म्हणाली.

"पाऊस नाही ना आज."

"माणसा दिसणत नाय?"

मी नाही म्हणाले. मग का कोण जाणे, म्हणाले, "पण मी बघते."

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "तुम्ही जा शिकलास ता माका कळाचा नाय. तुम्ही बघा, इतक्याच सांगतंय." आणि आली तशी सडा उतरून गेली.

पेडणेकर साहेब जेवणाचा डबा बंद करत होते. "कशाला शब्द दिलास, वानखडे?"

"बघायला काय जातं, सर?"

"बघायला काही जात नाही. दिसलं की मग जातं."

संध्याकाळी साडेपाचला मी चाळणी बंद केली. चाळणी म्हणजे आमच्या यंत्रातली एक सोय. राडार लहर सोडतं, ती कशावर तरी आपटून परत येते. डोंगरावर, मनोऱ्यावर, पाण्याच्या टाकीवर आपटलेलीही येते. त्या गर्दीत पाऊस दिसणार कसा? म्हणून जे जे जागचं हलत नाही ते यंत्र आपणहून पुसून टाकतं. हवामान म्हणजे हलणारी गोष्ट, उभ्या गोष्टीशी आपल्याला काम नाही, असा हिशोब. रोज आमच्यासमोर ते पुसलेलं, स्वच्छ चित्र असायचं. न पुसलेलं चित्र कोणी बघत नसे.

मी ते उघडलं आणि खुर्चीत मागे सरकले.

समुद्रात डोंगर उगवले होते. पश्चिमेला, जिथे नुसतं पाणी आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, तिथे पिवळ्या-तांबड्या रांगा पसरल्या होत्या. उत्तरेकडचा किनारा, जो आमच्या राडाराला कधीच दिसत नाही, तो खाचाखोचांसकट उमटला होता.

"सर!"

साहेब आले, माझ्या खांद्यावरून वाकून त्यांनी पाहिलं, आणि सरळ जाऊन पश्चिमेची खिडकी लावून घेतली. ती लावण्याचं काही कारण नव्हतं.

"अशा संध्याकाळी असं होतं," ते म्हणाले. "खाली समुद्राची दमट हवा, वर जमिनीवरची कोरडी, गरम हवा. त्या दोन थरांत लहर अडकते. एरवी ती सरळ वर निघून जाते, अशा वेळी वाकून पाण्याला चाटत जाते. क्षितिजापलीकडचं दाखवते. लाटासुद्धा डोंगरासारख्या दिसतात. तास-दीड तास चालतं. खरं धरायचं नसतं."

लाटांच्या त्या रांगा दर चित्राला बदलत होत्या, फुटत होत्या, विरत होत्या. एक ठिपका मात्र बदलत नव्हता. बहात्तर किलोमीटरवर, पश्चिमेच्या थोडा दक्षिणेला. लहान, घट्ट, लाल. दर दहा मिनिटांनी नवं चित्र यायचं आणि तो तिथेच असायचा. मी वेगाचं चित्र लावलं. वेग शून्य.

सातच्या सुमाराला समुद्रातले डोंगर एकेक करून विझले. शेवटी तो एकटा राहिला. मग तोही गेला.

गुरुवारी दिवसभर मी त्या जागेवर नजर ठेवली. काही नाही. संध्याकाळी साडेपाचला डोंगर उगवले, आणि त्यांच्यात तो आला. पण जागा सरकली होती. आता तो बरोबर पश्चिमेला होता. अंतर मोजलं, बहात्तर किलोमीटर. वेग शून्य.

"सर, हा चालतोय. काल दोनशे बासष्ट अंशांवर होता, आज दोनशे सत्तर. आणि राडार म्हणतं उभा आहे."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांना शिकवायला आवडायचं, पण ते दाखवायचे नाहीत.

"घाटात उभं राहिलं आणि एसटी हॉर्न वाजवत आपल्याकडे आली, की आवाज कसा येतो?"

"चिरका."

"आणि पुढे निघून गेली की?"

"बसतो."

"आपण तेच ऐकतो. थेंब आपल्याकडे येत असेल तर परतलेली लहर किंचित दाटते, लांब जात असेल तर सैल होते. त्या फरकावरून वेग. येणारं हिरवं, जाणारं लाल. पण वानखडे, एसटी आपल्याकडे येतही नाही, लांब जातही नाही, समोरून आडवी जाते, त्या क्षणी काय ऐकू येतं?"

मी पडद्यावरच्या त्या ठिपक्याकडे पाहिलं.

"काहीच फरक नाही. आडव्या वेगाचा आपल्याला पत्ता लागत नाही. एखादा माणूस दोरी धरल्यासारखा आपल्याभोवती गोल फिरत राहिला, तर आपल्या राडाराच्या मते तो उभा आहे. आणि उभा आहे म्हणून चाळणी त्याला पुसून टाकणार."

खोलीत बाकी काही आवाज नव्हता, वरची घरघर सोडून. कोणीतरी सड्याभोवती, बहात्तर किलोमीटर दूर राहून, पावलाचा आवाज न करता फिरतंय, असं मला वाटलं. मी स्वेटर घातला. थंडी नव्हती.

"बोट असेल का, सर?"

"वारा दक्षिणेकडे नेतोय. हा उत्तरेकडे चाललाय."

"पण पाणी? खालचा प्रवाह?"

त्यांनी पुसलेला चष्मा डोळ्यांवर चढवला. "नोव्हेंबरात पाणी उत्तरेला वाहतं," ते म्हणाले. "वाऱ्याच्या उलट."

"मग कळवू या ना!"

"तिसरा दिवस बघू."

मी चिडले. तेव्हा त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, खाली बघत. बारा वर्षांपूर्वी, दुसऱ्या किनाऱ्यावर, जुन्या राडारावर त्यांनी असाच एक ठिपका पाहिला होता. कळवला होता. खवळलेल्या समुद्रात दोन नौका पाठवल्या गेल्या. तिथे काहीच नव्हतं. परतताना एका नौकेवरच्या माणसाचा हात दोरात सापडून तुटला. "तो माणूस पुढे मला भेटायला आला होता," साहेब म्हणाले. "भांडायला नव्हे. नुसता भेटायला. समोर बसला, चहा प्याला, गेला. डाव्या हाताने प्याला."

शुक्रवारी तो दोनशे अठ्ठ्याहत्तर अंशांवर होता. आठ अंश, पुन्हा आठ अंश. अंतर अर्ध्या किलोमीटरने इकडचं तिकडे नाही. लाट असं करत नाही.

साहेब शोधनौकेच्या लोकांना कळवायला फोनकडे निघाले, तेवढ्यात नवं चित्र आलं. सहा वाजून बावीस मिनिटं झाली होती. लाल ठिपक्याच्या अलीकडे, सदुसष्ट किलोमीटरवर, आणखी एक कण होता. इतका बारीक की मी पडद्यावरची धूळ समजून बोट फिरवलं. वेगाचं चित्र लावलं. मोठा ठिपका राखाडी, शून्य. बारका हिरवा.

तो आमच्याकडे येत होता. तासाला तीन किलोमीटर.

मी साहेबांना बोलावलं. त्यांनी वाकून पाहिलं.

"पक्षी असतील," ते म्हणाले. "थवा."

"तासाला तीन किलोमीटरने?"

पुढच्या चित्रात तो दिसला. त्याच्या पुढच्यात दिसला नाही. त्याच्याही पुढच्यात नाही.

"माझं ऐक," साहेब म्हणाले. "एक सांगितला तर ते जातील. तीन दिवसांची नोंद आहे आपल्याकडे. दोन सांगितले, त्यातला एक हलतोय आणि दोनदा दिसून नाहीसा झालाय म्हटलं, तर म्हणतील हे सगळंच भुताटकीचं आहे. मोठा वाचवायचा असेल तर बारका सोड."

मला ते पटलं. हे मला इथे नीट लिहायचं आहे. त्यांनी मला दटावलं नाही, हुकूम केला नाही. मला पटलं. त्यांनी फोन लावला, अंतर आणि दिशा सांगितली, प्रवाहाचं समजावलं. पलीकडच्याने तीनदा विचारलं, खात्री आहे का? साहेबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "हो," ते म्हणाले. "एकच आहे."

नौका पहाटे निघाली. शनिवारी दुपारी साडेबाराला फोन आला. 'रवळनाथ प्रसाद' आम्ही सांगितलेल्या जागेपासून चार किलोमीटरवर सापडली होती. माणसं जिवंत होती. साहेबांनी रिसीव्हर कानाला धरूनच माझ्याकडे बघून हसायला सुरुवात केली. पाच महिन्यांत त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहत होते. आणि मग ते हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण डोळ्यांतून गेलं.

"चारच?" ते फोनमध्ये म्हणाले.

तांडेल आणि एक खलाशी आदल्या दिवशी साडेचारच्या सुमाराला बोट सोडून गेले होते. पाच रिकामी पिंपं दोराने बांधून त्यावर फळ्या टाकल्या होत्या. केबिनच्या छपराचा पत्रा काढून शिडासारखा उभा केला होता. पाणी संपलं होतं. बोटीवरचे चौघे सांगत होते, दोघे किनाऱ्याकडे गेले.

पत्रा. तो पत्राच आम्हाला चकाकला होता.

मी साहेबांच्या हातातून रिसीव्हर घेतला. तोवर मी वरिष्ठांच्या हातातून कधी काही घेतलं नव्हतं. "काल संध्याकाळी सहा बावीसला ते सदुसष्ट किलोमीटरवर होते," मी म्हणाले. "आम्ही पाहिलंय."

"मग काल का नाही सांगितलं?"

"आता लिहून घ्या," मी म्हणाले. "जागा काढून देते. पाच मिनिटं."

त्या पाच मिनिटांत आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही, नुसते आकडे बोललो. आमच्याकडे येण्याचा वेग राडाराने दिलेला होता. आडवा वेग राडाराला ठाऊक नव्हता, तो मोठ्या ठिपक्याच्या तीन दिवसांच्या चालीवरून घेतला. त्याच पाण्यावर तोही होता. रात्री जमिनीवरचा वारा त्यांना मागे ढकलणार, सकाळी उशिरा समुद्रावरचा वारा पुन्हा आत आणणार. साहेबांनी नकाशावर एक गोल काढला. पेन्सिल कागदात रुतली होती.

पावणेपाचला पिंपं सापडली. गोलाच्या कडेला. त्यावर भिकाजी तांडेल होता, पत्र्याला हात बांधून घेतलेला. एकटा.

दुसऱ्याचं नाव दिलबहादूर. नेपाळचा. माणगीच्या बोटींवर त्याचा आठवा हंगाम होता. पहाटेच्या आधी केव्हातरी तो पिंपांवरून सरकला. त्याचा शोध दोन दिवस घेतला, मग थांबवला. त्याच्यासाठी कोणी सडा चढून आलं नाही. त्याच्या घरी कोण आहे, त्यांना कोणी कळवलं, हे मी बंदरावर जाऊन विचारलं. कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. ऑफिसच्या अहवालात आमचं कौतुक झालं. दुसऱ्या ठिपक्याचा उल्लेख त्यात नव्हता, आणि कोणी विचारलंही नाही.

डिसेंबरात भिकाजी आणि शेवंती वर आले. तो बारीक झाला होता, हातांची साल निघून नवी गुलाबी कातडी आली होती. शेवंतीने केळीच्या पानात बांधलेली सुरमई टेबलावर ठेवली. पेडणेकर साहेब त्या दिवशी रजेवर होते. मी चहा केला.

"बॉल आमका दिसायचो," भिकाजी म्हणाला. "रोज. दिवस बुडाच्या आधी."

"तिथून? शक्य नाही. क्षितिजाच्या खाली जातो तो."

"वर दिसायचो. पाण्याच्या वर, हवेत. उलटो." त्याने तळहात पालथा करून दाखवला. "डोंगर वर, बॉल खाली लटकलेलो. मग पुसून जायचो."

मी कप खाली ठेवला. ज्या हवेने आमची लहर वाकवून त्यांच्यापर्यंत नेली होती, तिनेच आमची टेकडी उचलून त्यांना दाखवली होती. त्याच वेळी. साडेपाचनंतर. आम्ही पडद्यावर त्यांना बघत होतो तेव्हा ते आम्हाला बघत होते.

"म्हणान निघालो," भिकाजी म्हणाला. "बॉल दिसल्यापासून तिसऱ्या दिसा पाणी संपला. दिल्याच म्हणालो, थय माणसा आसत, जाऊया. तेका पाण्याचा भय, डोंगरातलो माणूस तो. पण बॉल बघून येडो झालेलो. म्हणायचो, आत कोणतरी फिरता. तेची नजर आंगावरसून जाता, माका कळता."

"बाहेरून फिरताना दिसत नाही," मी म्हणाले. "अँटेना आत असते. घुमट हलत नाही."

"आमका खय काय दिसत होता? तोच म्हणायचो. आता इली, आता गेली. काळोख पडलो, बॉल दिसायचो बंद झालो, तरी तो मोजत रवलो. असो, बोटान."

त्याने मधलं बोट उचललं आणि टेबलावर एकदा वाजवलं. मग हात तसाच धरून थांबला. शेवंतीने त्याच्याकडे पाहिलं नाही. बराच वेळ गेला. त्याने पुन्हा वाजवलं. मग पुन्हा थांबला. माझी नजर समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली, आणि मला ती तिथून काढता येईना. टक्. वीस सेकंद. टक्. वीस सेकंद.

आमची अँटेना त्या दिवसांत मिनिटाला तीन फेरे घ्यायची. हे खोलीतल्या कागदांखेरीज कुठे लिहिलेलं नव्हतं.

"रातभर," भिकाजी म्हणाला. "मी डोळे मिटले की तेचा बोट पिंपार वाजायचा. मग एकदा वाजला नाय."

वरची घरघर चालू होती. शेवंतीने पदराने टेबलावरचं सुरमईचं पाणी पुसलं.

"मॅडम," भिकाजीने विचारलं, "आम्ही दोघा तुमका कधी दिसलो? पिंपार असताना?"

तो काही काढून घ्यायला विचारत नव्हता. त्याला ठाऊकच नव्हतं. नौकेवरच्यांनी त्याला सांगितलं असेल की शनिवारी दुपारी ऑफिसातून जागा मिळाली. मी शनिवार म्हणाले असते तर तो मान हलवून उठला असता.

"शुक्रवारी," मी म्हणाले. "संध्याकाळी. सहा वाजून बावीस मिनिटांनी."

त्याने कप उचलला होता. तो त्याने ओठांपर्यंत नेला नाही.

"तेव्हा तो जितो होतो," तो म्हणाला.